तिरक्याचा ओळंबा

घडवंचीचे तीन पाय बसले आणि चौथा बसला नाही. म्हणजे भोकात तो बसला, अगदी घट्ट बसला, पण बाकीच्या तिघांशी त्याचं काही नातं आहे असं दिसेना. तिघे बाहेरच्या अंगाला सारखे फाकलेले आणि हा चौथा, वर्गाचा फोटो काढताना भलतीकडे बघणाऱ्या पोरासारखा. मी बाल्कनीत फरशीवर बसलो होतो. केसांत सागाचा भुसा, हातात तापलेलं ड्रिल. आतून आईनं विचारलं, "झालं का रे?" "होत आलंय," मी म्हटलं. त्या महिन्यात हे उत्तर मी तिसऱ्यांदा देत होतो.

घडवंची म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. पाण्याचे हंडे, घागरी, माठ जमिनीपासून उचलून ठेवायची लाकडी बैठक. एक जाड फळी आणि तिला खालून चार पाय, बस्स. वाई तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात ती स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असायची. दोन घागरी आणि मधे एक माठ मावेल एवढी लांब, बारा महिने ओली, आणि मे महिन्यात जवळ गेलं की गार वाटणारी. तिचे पाय नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखे चारी दिशांना फाकलेले होते. त्यातला भिंतीकडचा डावा पाय मात्र बाकीच्यांपेक्षा दोन बोटं आत होता. लपाछपीत आम्ही भावंडं तिच्याखाली शिरायचो, तेव्हा तो हमखास डोक्याला लागायचा. सुतारकाकांचा हात त्या दिवशी चुकला असणार, हे आम्ही आपसांत केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आई पुण्याला आमच्याकडे राहायला आली आणि माठ स्वयंपाकघराच्या ओट्यावर आला. हे तिला पटेना. ओट्यावर ओल राहते, माठाला खालून वारा लागत नाही, पाणी गार होत नाही. मी लोखंडी स्टँड आणलं. आईनं त्यावर माठ ठेवला नाही, तुळशीची कुंडी ठेवली. मग मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून कुठल्याशा पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून कापलेली फळी आणली. जुना साग, ४० मिमी जाड, दीड फूट लांब आणि तेवढीच रुंद. पायांसाठी चार दांडके. घरात ड्रिल होतंच. भिंतीत खिळा न ठोकता येणारी माणसंसुद्धा हल्ली ड्रिल बाळगून असतात, त्यातलाच मी एक.

पाय तिरके कशाला, असा प्रश्न पहिल्या चुकलेल्या भोकानंतर मलाही पडला. सरळ ठेवले असते तर एका संध्याकाळचं काम होतं. पण भरलेला माठ म्हणजे दहा-पंधरा किलो वजन, आणि तेही उंचावर. कुणाचा तरी धक्का लागणार, कुणीतरी वाकून पेला बुडवताना कडेवर भार देणार. पाय खाली फाकलेले असले की जमिनीवरचा चौकोन फळीपेक्षा मोठा होतो आणि कलंडायला जास्त जोर लागतो. शिवाय सरळ पायांची तिवई किंवा स्टूल लांबून बघा, पाय आत ओढून घेतल्यासारखे दिसतात. डोळ्याला तिथे थोडा फाक लागतोच.

थोडा म्हणजे किती? समोरून बघताना पाय बाहेरच्या बाजूला १० अंश कललेला दिसावा आणि बाजूनं बघतानाही १० अंश, असं मी ठरवलं. मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप घेतलं, फोन रबरबँडनं ड्रिलच्या पाठीला बांधला आणि भोक पाडायला बसलो. समोरचे १० अंश साधले की बाजूचे ६ व्हायचे. बाजूचे सुधारायला गेलं की समोरचे १३. दोन्ही एकदम साधल्यासारखे वाटले त्या क्षणी ड्रिलचा घोडा दाबला, आणि बिट लाकडात शिरायच्या ऐवजी फळीवरून घसरत गेलं. सागावर अर्धचंद्राची एक ओरखड उमटली. ती अजून आहे.

मी ड्रिलला दोष दिला. अंगण वाकडं असतंच.

नंतर कळलं की ड्रिलचा अगदीच दोष नव्हता असं नाही. घरोघरी जी पिळाची बिटं असतात त्यांची घडण मुळात धातूसाठीची. स्टीफन मोर्स या अमेरिकन माणसानं पिळाच्या बिटाचं पेटंट घेतलं ते १८६३ साली, आणि त्याच्या वंशजांचं टोक आजही बहुधा ११८ अंशांचं, म्हणजे पसरट असतं. सपाट फळीवर उभं धरलं तर ते कसंबसं जागा धरतं. तिरकं धरलं की टोकाच्या आधी एका बाजूची धार लाकडाला लागते आणि सगळं यंत्र त्या बाजूला फेकलं जातं. उपाय म्हणजे मधे काट्यासारखं टोक असलेलं बिट घ्यायचं. पण तो काटासुद्धा पुरेसा लांब हवा. माझ्या भोकाचा व्यास २५ मिमी. १४ अंशांत कललं की मध्यापासून काठापर्यंत ३ मिमीचा चढ-उतार पडतो. म्हणजे काटा ३ मिमीहून लांब असला तरच तो काठाच्या आधी लाकडात रुतणार. बोहरी आळीतल्या दुकानदाराला मी हे हिशेबासकट समजावून सांगायला लागलो तर तो म्हणाला, "साहेब, बिट किती एमएमचं देऊ तेवढं बोला."

वर मी १४ अंश म्हटलं, आणि आधी दोन्हीकडून १०-१० म्हटलं होतं. ही चूक नाही. त्यातच सगळी गोम आहे, आणि तिथे पोचायला मला गावच्या सुतारमेटावर परत जावं लागलं. डोक्यातल्या डोक्यात.

मे महिन्याचा शेवट. मृग आठ-दहा दिवसांवर आला की सुताराच्या मेटावर बसायला जागा नसायची. कुणाचा नांगर, कुणाचं कुळवाचं जू, कुणाच्या गाडीचा आरा निखळलेला. कोपऱ्यात बाभळीच्या ओंडक्यांचा ढीग आणि सगळीकडे ढलप्यांचा तांबूस थर. आम्हा पोरांना ढलप्या चुलीसाठी गोळा करायला पाठवत, पण आम्ही तिथे थांबायचो ते सुतारकाकांचा सामता बघायला. सामता म्हणजे धनुकलीनं फिरवायचं भोक पाडायचं हत्यार. लाकडी दांड्याला दोरीचा वेढा, धनुकली मागेपुढे ओढली की दांडा गरगर फिरतो, एकदा उजवा, एकदा डावा. याची कूळकथा फार जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला माणसाच्या दाढांना पाडलेली भोकं सापडली, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची, आणि ती गारगोटीचं टोक लावलेल्या अशाच धनुकलीच्या सामत्यानं पाडली असावीत असं संशोधकांचं म्हणणं आहे. भूल नसताना. सुतारकाकांना हे कळलं असतं तर त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून धनुकली पुढे ओढली असती.

मोठ्या भोकांना मात्र गिरमिट. आडव्या मुठीचं, दोन्ही हातांनी पिळत न्यायचं. त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. ते लाकडात शिरले की हत्यार स्वतःला पुढे ओढत नेतं, माणसानं फक्त फिरवायचं. त्या दिवशी काकांसमोर एक चाडं होतं. तिफणीवर पेरणी करताना बाई ज्यात मुठीनं बी सोडते तो लाकडी पेला म्हणजे चाडं. त्याच्या तळाशी तीन भोकं. प्रत्येक भोकात एक पोकळ नळी, आणि ती नळी खाली फणापर्यंत बी पोचवते. मधली नळी जवळपास सरळ उतरते. बाजूच्या दोघींना मात्र आपापल्या फणाकडे फाकावं लागतं. ज्वारीच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, साधारण दीड फुटाचं अंतर धरतात, तेव्हा हा फाक बराच असतो. म्हणून चाड्याची बाजूची भोकं तिरकी पाडायची, आणि दोन्हीकडे अगदी सारखी तिरकी. एक जास्त उताराचं आणि एक कमी उताराचं झालं तर बी सारखं वाटलं जात नाही. ते त्या दिवशी कुणाला दिसत नाही. पंधरा दिवसांनी दिसतं, शेतात, एक ओळ दाट आणि एक विरळ, आणि बांधावरून जाणारा प्रत्येक जण ती वाचत जातो. सुताराची चूक अशी हिरव्या अक्षरांत महिनाभर गावासमोर उभी राहते. म्हणून चाड्याला काका दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

पण त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. माझं वय असेल नऊ-दहा.

"ए पोरा, हितं हुबा ऱ्हा. हाललास तर बग."

त्यांनी मला चाड्याच्या एका अंगाला उभं केलं. जमिनीवर अंगठ्यानं रेघ ओढून पावलं कुठे ठेवायची ते दाखवलं. मग गिरमिट लावलं.

"गिरमिट कसं दिसतंय?"

"सरळ."

त्यांनी दोन पिळे दिले. "आता?"

"सरळ हाय."

"आता?"

"थोडं इकडं आलं."

ते बोटभर सरकले. "आता?"

असं बराच वेळ चाललं. मी मोठ्या तोऱ्यात सरळ-सरळ म्हणत होतो. मधे काका विडी पेटवायला थांबले आणि मी उत्सुकतेनं दुसऱ्या बाजूला गेलो. तिथून बघतो तर गिरमिट चांगलंच आडवं कललेलं. मला रडूच फुटायचं बाकी होतं. अर्धा तास मी सरळ म्हणत होतो ते हे?

"काका, हे तर तिरकं झालंय!"

काकांनी विडीचा झुरका घेतला. "तिकडनं बगायचं काम तुजं न्हाई. तिकडनं मी बगतोय. तू तुज्या जागंवर जा."

मी जागेवर गेलो. गिरमिट पुन्हा सरळ झालं.

हा प्रसंग मी पंचेचाळीस वर्षं विसरलो होतो असं म्हणणं खोटं ठरेल. अधूनमधून आठवायचा, पण काकांच्या विडीसाठी. त्याचा अर्थ बाल्कनीत बसून कागदावर रेघा मारताना लागला. पाय समोरून १० अंश आणि बाजूनं १० अंश कललेला दिसतो, याचा अर्थ तो खरोखर कोणत्या दिशेला कललाय? दोन्हींच्या मधल्या, कोपऱ्याच्या दिशेला. आणि किती? अंगणात दहा पावलं पूर्वेला आणि दहा पावलं उत्तरेला चाललात तर निघालेल्या जागेपासून तुम्ही वीस पावलं लांब नसता, चौदा-साडेचौदा असता. शाळेतला कर्णाचा हिशेब तोच. कोनांना तो तंतोतंत तसाच लागू पडत नाही, टॅन्जंटमधून जावं लागतं, पण उत्तर जवळपास तेच येतं: १४ अंश. दोन्हीकडचे कल वेगळे असले, समजा १० आणि १५, तर एकूण कल १८च्या आतबाहेर येतो आणि दिशा कोपऱ्याऐवजी १५ वाल्या बाजूला झुकते.

म्हणजे दोन कोन एकदम सांभाळायचे नसतातच. फळीच्या खालच्या अंगावर पायाच्या कलण्याच्या दिशेनं एक रेघ मारायची. त्या रेघेच्या टोकाशी उभं राहून बघितलं की पाय सरळ दिसतो. रेघेच्या बाजूला, काटकोनात उभं राहून बघितलं की पूर्ण १४ अंश दिसतात, त्यापेक्षा कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. एका जागेवरून फक्त सरळ ठेवायचं, दुसऱ्या जागेवरून फक्त एक कोन जुळवायचा. काकांची अंगठ्यानं मारलेली रेघ ती हीच. तिकडनं ते बघत होते, इकडनं मी.

उभ्याला ओळंबा आहे, आडव्याला पाणसळ आहे. ओळंबा तर कुठेही टांगा, पृथ्वीच तो ओढून धरते. तिरक्याला असं काही नाही. तिरकेपणा कुठूनतरी उसना आणावा लागतो, आणि तो सरळाकडूनच आणता येतो. तिरकं भोक पाडायच्या जेवढ्या युक्त्या मी नंतर बघितल्या, वाचल्या, करून पाहिल्या, त्या सगळ्या शेवटी एकच निघाल्या: तिरक्याला कुठूनतरी सरळ करून घ्यायचं. कारखान्यातल्या उभ्या ड्रिल मशिनचा टेबल तिरका करतात, ड्रिल बिचारं सरळच खाली येतं. टेबल तिरका होत नसेल तर फळीखाली पाचर सारतात. ड्रिल हातात असेल तर आधी लाकडाच्या ठोकळ्यात सरळ भोक पाडतात, मग ठोकळ्याचा तळ हव्या त्या कोनात कापतात. तो ठोकळा फळीवर दाबून धरला की तो आपल्या भोकातून बिटाला तिरकं नेतो, आणि घसरायला वावच देत नाही. हे मला फार आवडलं. आपल्या भाषेनं सगळी इज्जत सरळाला देऊन टाकली आहे. सरळ माणूस, सरळ व्यवहार, आणि तिरकस म्हटलं की बोलणं लागतं. इथे तिरकं काम नेटकं व्हावं म्हणून सरळाला राबावं लागतं.

हाय विकम या इंग्लंडातल्या गावात एकोणिसाव्या शतकात विंडसर खुर्च्यांचा मोठा धंदा होता. जाड लाकडी बैठक, तिला वरून-खालून भोकं पाडून पाठीच्या काड्या आणि पाय ठोकलेले, सगळेच तिरके. तिथले कारागीर छातीवर लाकडाची पट्टी बांधत, हाताच्या ड्रिलचं डोकं तिच्यावर टेकवत आणि अंगाच्या भारानं भोक पाडत. त्यांची बिटं चमच्याच्या आकाराची असत. चमच्याच्या बिटाची मजा अशी की ते सरळ सुरू करता येतं, आणि लाकडात जागा केल्यावर हळूहळू हवं तेवढं कलवता येतं. कोन ते डोळ्यानं धरत. वर्षानुवर्षं तेच भोक पाडलं की कोन खांद्यात जाऊन बसतो. माझ्या खांद्यात असलं काही बसायला आता उशीर झालाय.

म्हणून मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो, रविवारी, आणि एक गिरमिट घेऊन आलो. मूठ तुटलेली, पात्यावर गंज, पण टोकाचे आटे शाबूत. विजेच्या ड्रिलला अडीच सेकंदांत जे जमतं त्याला हे दोन मिनिटं घेतं, आणि ती दोन मिनिटंच मला हवी होती. हातात धरायचं विजेचं ड्रिल जर्मनीत फाइन कंपनीनं १८९५ साली बनवलं, पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा ब्लॅक अँड डेकरनं १९१७च्या पेटंटात आणला. तेव्हापासून माणसाला भोक चुकल्याचं कळेपर्यंत ते आरपार गेलेलं असतं. गिरमिटात चूक पाव पिळ्यात कळते. थांबता येतं. थोडं झुकता येतं. एकदा बोटभर खोल गेलं की मात्र भोक आपल्या वाटेनं जातं आणि तुम्ही मुठीला कितीही लोंबकळलात तरी वळत नाही. वळवायला गेलात तर तोंडाशी लांबट होतं. सगळा निकाल पहिल्या चार-पाच पिळ्यांत लागतो.

चौथं भोक बुजवायचं होतं. सागाची गोल खुंटी घडवून गोंदानं ठोकली, वर रंधा फिरवला. नवीन जागा तिथेच घेता येईना, कारण बुजवलेल्या खुंटीत अर्ध आणि फळीत अर्ध असं भोक पाडलं की आटे मऊ बाजूला ओढले जातात. मग मी फळीच दुसऱ्या टोकापासून वळवून घेतली आणि चारी भोकांची पुन्हा आखणी केली. जुनी तीन भोकंही बुजवली. आता ती फळी खालून बघितली तर चाळण वाटते, पण खालून कोण बघतो.

फळी उलटी टाकली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या. भोकाच्या जागी पटाशीनं चिमूटभर लाकूड उतरवून गिरमिटाच्या टोकाला बसायला घर केलं. पुठ्ठ्याचा १४ अंशांचा त्रिकोण कापला आणि रेघेच्या बाजूला उभा केला, तो माझ्यासाठी. रेघेच्या टोकाशी खुर्ची ठेवली आणि त्या खुर्चीवर आईला बसवलं.

"काय बघू?"

"गिरमिट सरळ दिसतंय का ते सांग फक्त."

आईनं चष्मा पुसला. तिला खरं तर दारच्या पाट्या वाचतानाही हल्ली त्रास होतो. पण उभी रेघ सरळ आहे की नाही हे सांगायला चष्म्याचा नंबर लागत नाही. जन्मभर भिंतीवरची देवांची तसबीर नीट करणाऱ्या बाईला तर नाहीच.

"मागं गेलं. अजून थोडं पुढं घे. हां. आता सरळ."

चार भोकांना पाऊण तास लागला. मधे तिनं दोनदा चहा मागितला आणि एकदा मला मुठीवर वजन टाकू नको म्हणून सुनावलं. गिरमिटाचं टोक पलीकडून डोकावलं की थांबायचं, फळी पालथी करायची आणि उरलेलं भोक त्या बाजूनं पूर्ण करायचं. नाहीतर बाहेर पडताना लाकूड फुटतं. पाय ठोकले. वरून पाचरी मारल्या, फळीच्या रेषांना आडव्या. रेषांच्या दिशेनं मारली असती तर पाचरीनं फळी उभी चिरली असती. मग चारही पायांना एकेक करून कोन लावला. १४, १४, १३ आणि १५. दीड फुटाच्या पायाला एक अंशाची चूक म्हणजे टोकाशी जवळपास ८ मिमी, जाडजूड पेन्सिलीएवढी. ती डोळ्याला दिसत नाही. मला दिसते. फरशीवर ठेवल्यावर घडवंची थोडी डगमगली, तेव्हा सपाट ठोकळ्यावर पेन्सिल धरून चारी पायांना एका उंचीवर रेघ फिरवली आणि त्या रेघेवर कापले. चार पायांचं हे असतंच. तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, ती डगमगत नाही, कारण तीन टेकू कधी आपसांत भांडत नाहीत. चौथा आला की समजुतीनं घ्यावं लागतं.

माठ ठेवला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, पाणी गार लागतंय.

पुढे चैत्रात यात्रेला गावी गेलो तेव्हा माळ्यावर चढून जुनी घडवंची खाली काढली. कोन मोजायचा होता, दुसरं काही नाही. पुठ्ठ्याचा त्रिकोण मी पुण्याहून बरोबर नेला होता, यावरून माझी अवस्था लक्षात यावी. घडवंची अंगणात उलटी टाकली, कुंच्यानं झाडली, ओल्या फडक्यानं पुसली. फळीच्या खालच्या अंगावर अणकुचीदार कशानं तरी ओरखडलेल्या दोन रेघा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. साठ वर्षांच्या धुराखाली अजून बोटाला लागत होत्या. मी त्यांच्यावरून दोन-तीनदा बोट फिरवलं. तीन पाय रेघेवर होते. चौथा, तो डोक्याला लागणारा, रेघेवरच पण दोन बोटं आत सरकलेला. आणि त्याची खरी जागा जिथे असायला हवी होती तिथे एक गोल खुंटी ठोकून बुजवलेली. काळवंडलेली, नीट रंधलेली, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं.

"म्हणजे सुतारकाका खरंच चुकले होते," मी म्हटलं.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. "कोण, सुतार?" ती म्हणाली. "त्यांनी कशाला चुकावं. ते भोक मामंजींचं."

"आजोबांचं?"

"मी नवीनच आले होते लग्न होऊन. सुतार इथेच अंगणात काम करत होते. दुपारी भाकरी खायला घरी गेले. गिरमिट इथेच ठेवून गेले. मामंजी म्हणाले, एवढं काय असतंय त्यात." तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "सुतार परत आले, बघितलं, एक शब्द बोलले नाहीत. खुंटी करायला बसले."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं?"

मी घडवंची सुलटी केली. वरच्या अंगानं खुंटीचं दुसरं टोक शोधलं, साठ वर्षांच्या माठाखाली काळं पडलेलं. काठापासून बोटं मोजली. बाकीच्या तीन पायांची भोकं वरून काठापासून चार बोटांवर आणि खालून साडेतीन. ती तिरकी उतरताना बाहेर सरकली होती. खुंटीही वरून मोजली, चार बोटं. फळी पुन्हा उलटली आणि खालून मोजली.

चार बोटं.